स्मृतिभ्रंशाची वेळीच ओळख : डिजिटल साधने आणि सिंधुदुर्ग जिल्हा

आयुर्मानात होणारी वाढ हे आरोग्यसेवेच्या यशाचे एक प्रमुख गमक होय. तथापि प्रत्येक यशाबरोबर काही नवी कर्तव्येही येतात. आयुष्य वाढले तसे मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांसारखे विकार वाढले, आणि त्यांच्या तपासणीची व्यवस्था गावोगावी उभी राहिली. परंतु स्मरणशक्ती, भाषा, स्थळकाळाचे भान आणि नित्याचे व्यवहार यांचा हळूहळू ऱ्हास घडवून आणणारा स्मृतिभ्रंश हा विकार अद्याप अनेक घरांत विकार म्हणून ओळखलाच जात नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने उच्चारतो, की तिच्याआड एखादा आजार दडलेला असू शकतो याचे भान राहत नाही. मालवणी मुलखात ‘म्हातारो खुळावलो’ एवढे म्हटले की विषय संपतो.

या विकाराची प्राथमिक ओळख पटविण्यासाठी टॅब्लेट, स्मार्टफोन व संगणक यांवर चालणारी अनेक साधने आता उपलब्ध होऊ लागली आहेत. त्यांचा उपयोग कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत करावा, याचा विचार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, विशेषतः मालवण किनाऱ्याच्या संदर्भात येथे केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने २०१७-१८ मध्ये देशातील ज्येष्ठांची एक विस्तृत पाहणी हाती घेण्यात आली. ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांच्या मुलाखती संगणकाच्या साहाय्याने नोंदविण्यात आल्या. या पाहणीला जोडून स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यासही झाला. त्यात निवडक ज्येष्ठांच्या चाचण्यांची माहिती ऑनलाइन पद्धतीने तज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवण्यात आली आणि त्यांच्या निर्णयावर अंदाज आधारण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

हे दोन्ही निष्कर्ष सिंधुदुर्गच्या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहेत. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथील घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, असे २०११ चे प्रमाण होते. या आकड्यांमागील कारण सर्वपरिचित आहे. तरुण मनुष्यबळ पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे जाते. घर, माड, कलमे आणि वडीलधारी माणसे गावी राहतात. त्यामुळे येथे ज्येष्ठांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक आहे, आणि त्यांपैकी कित्येक घरांत वृद्ध दांपत्य किंवा एकटी वृद्ध स्त्री राहते. विसराळूपणा वाढू लागला तर तो पाहणारे माणूसच घरात नसते. चुलीवरची पेज वारंवार लागणे, मासळीच्या वाट्यांचा हिशेब चुकणे, जन्मभराच्या पायवाटेवर वाट न सापडणे, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाणे, या गोष्टी कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी वर्षे निघून जातात.

वेळीच ओळख कशासाठी?

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. मग ओळख पटवून लाभ काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले असे, की स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी प्रत्येक अवस्था स्मृतिभ्रंश नसते. ‘ब १२’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त आणि ऐकू न येणे, या सर्वांमुळे माणूस गोंधळलेला व विसराळू दिसतो. आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत. अशा रुग्णाला ‘वयोमानाने होते’ म्हणून घरी बसविणे म्हणजे बरा होऊ शकणारा आजार वाढू देणे होय.

दुसरे असे, की रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, श्रवणदोष, दृष्टिदोष, एकाकीपणा यांचा या विकाराशी निकटचा संबंध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये अशी चौदा कारणे नमूद केली. ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा त्याचा अंदाज आहे. अल्प शिक्षण हेही या चौदांतील एक कारण होय.

तिसरे असे, की निदान झाले म्हणजे घरातील माणसांच्या वागण्यात फरक पडतो. तोच प्रश्न दहा वेळा विचारणारी आई हट्टी नसून आजारी आहे, हे समजले की रागाची जागा काळजी घेते.

चाळणी तपासणी म्हणजे निदान नव्हे

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. चाळणी तपासणी कोणाला पुढील तपासणीची गरज आहे एवढेच सांगते. निदान डॉक्टर करतात. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची छोटी मानसिक अवस्था परीक्षा जगभर रूढ झाली. परंतु तिच्यात वाक्य वाचणे, वाक्य लिहिणे, शंभरातून सात वजा करीत जाणे अशा बाबी आहेत. शाळेत न गेलेली पण घर, शेत आणि बाजार समर्थपणे सांभाळणारी स्त्री या परीक्षेत नापास होईल. मात्र तो दोष तिच्या मेंदूचा नसून प्रश्नपत्रिकेचा ठरेल.

हे जाणून हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय व अमेरिकी संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांसाठी या परीक्षेचे हिंदी रूप सिद्ध केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते, आणि लेखी आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याने केले तसे करावयाचे असते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच तयार केला. त्याचे प्रारंभीचे काम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाले.

डिजिटल साधनांचे सामर्थ्य आणि मर्यादा

डिजिटल साधने मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात जुनीच प्रश्नावली टॅब्लेटवर येते. प्रश्न गाळला जात नाही, गुणांची बेरीज चुकत नाही आणि मागील वर्षाची नोंद तत्काळ पाहता येते. दुसऱ्या प्रकारात यंत्र स्वतः मोजमाप करते. उदाहरणार्थ, घड्याळाचे चित्र काढण्याच्या चाचणीत संगणकाला जोडलेली लेखणी केवळ अंतिम चित्र न पाहता, व्यक्ती कोठे किती वेळ थांबली याचीही नोंद ठेवते. तिसऱ्या प्रकारात बोलण्यातील विराम, शब्दांची निवड व पुनरुक्ती यांवरून संगणक अनुमान काढतो.

या साधनांमुळे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची उणीव काही अंशी भरून निघते, हे खरे. परंतु साधन ज्या समाजात घडले, त्या समाजाच्या सवयी त्याच्यात मुरलेल्या असतात. बोलण्यावरून अनुमान काढणारी बहुतेक साधने इंग्रजीसारख्या मोठ्या भाषांतील नमुन्यांवर घडलेली आहेत. मालवणीत हेल काढून, मध्येच गजाल सांगत बोलणाऱ्या आजीबाईंचे बोलणे त्यांना अनोळखी. जन्मभर जाळी ओढून राठ झालेल्या बोटांचा स्पर्श पडद्याला समजतोच असे नाही. मोतीबिंदू असलेल्याला चित्र दिसत नाही, कमी ऐकू येणाऱ्याला प्रश्न कळत नाही. यंत्र मात्र दोन्ही वेळा ‘चूक’ अशीच नोंद करते.

काळाच्या भानाचा प्रश्न घ्या. आज कोणती तारीख, असे विचारल्यास वृद्ध मच्छीमार गोंधळेल. पण आज तिथी कोणती आणि समुद्राला उधाण आहे की भांग, हे तो अचूक सांगेल. तिथी सांगणारे उत्तर ग्राह्य धरले नाही तर शहाण्या माणसावर रोगाचा शिक्का बसेल. याच्या उलट चूकही संभवते. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगा, अशी एक चाचणी आहे. प्राण्यांऐवजी मासळीची नावे विचारली, तर बाजारात बसणारी स्त्री बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, इसवण अशी यादी विकाराच्या प्रारंभीच्या काळातही धडाधड म्हणून दाखवील, कारण ते ज्ञान तिच्या हाडीमाशी खिळलेले असते. सबब केवळ शब्द बदलून चाचणी स्थानिक होत नाही. बदललेली चाचणी येथीलच निरोगी व आजारी अशा दोन्ही ज्येष्ठांवर पडताळून, किती गुणांखाली शंका घ्यावी हे नव्याने ठरवावे लागते. हे काम तज्ज्ञांचे आहे. मात्र प्रश्नांची मालवणी शब्दयोजना सुचविणे हे स्थानिक शिक्षकांइतके कोणाला साधणार नाही.

क्रमाचे महत्त्व

साधन कोणते, यापेक्षा ते कोणत्या पायरीवर वापरले जाते हे अधिक महत्त्वाचे आहे. एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. त्यातील चाचणीच्या अचूकतेचे आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

समजा, एखाद्या भागात ६० वर्षांवरील १,००० व्यक्ती आहेत आणि वर सांगितलेल्या प्रमाणानुसार त्यांपैकी ७४ जणांना स्मृतिभ्रंश आहे. एक ॲप आजारी व्यक्तींपैकी ८० टक्के ओळखते व निरोगी व्यक्तींपैकी ८० टक्के निरोगी ठरविते. ते सरसकट सर्वांवर वापरले, तर ७४ पैकी ५९ आजारी सापडतील. पण ९२६ निरोगी व्यक्तींपैकी १८५ जणांवरही संशय येईल. म्हणजे संशयित २४४, आणि त्यांत खरे आजारी चौघांत एकाहूनही कमी. एवढ्या लोकांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत हेलपाटे घालावयास लावणे म्हणजे त्यांचा खर्च, धास्ती आणि डॉक्टरांचा वेळ वाया घालविणे होय.

आता क्रम बदलू. प्रथम आशा स्वयंसेविकेने घरोघर विचारपूस केली आणि ज्यांच्याविषयी तक्रार आहे अशा १५० व्यक्ती निवडल्या. त्यांत ६० खरे आजारी आहेत असे मानू. तेच ॲप या १५० जणांवर वापरले तर ४८ आजारी सापडतील आणि ९० निरोगी व्यक्तींपैकी १८ जणांवर चुकीचा संशय येईल. संशयित ६६, त्यांत खरे ४८. म्हणजे चौघांत जवळजवळ तिघे. ॲप तेच, अचूकताही तीच. केवळ त्याआधी माणसाने विचारपूस केली. अर्थात या पद्धतीत २६ आजारी निसटतात, सरसकट तपासणीत १५ निसटले असते. त्यामुळे विचारपूस एकदा करून थांबता येत नाही, ती दरवर्षी करावी लागते. तक्रार नसलेल्या सर्व ज्येष्ठांची सरसकट चाळणी करावी की नाही, याविषयी पुरेसा पुरावा नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही २०२० मध्ये दिला आहे.

विचारपूस करणारे माणूस उच्चशिक्षित असावे लागते असे नाही. केरळमधील त्रिशूर परिसरातील एका पंचायतीत अंगणवाडी सेविकांना अल्प प्रशिक्षण देऊन संशयित व्यक्ती शोधण्याचे काम देण्यात आले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सेविकांनी दाखविलेल्या व्यक्तींपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींना खरोखर स्मृतिभ्रंश असल्याचे तज्ज्ञांनी निश्चित केले. गावातील माणसाला गावातील माणूस कळतो, याचा हा शास्त्रीय दाखला होय.

उपलब्ध व्यवस्थेचा उपयोग

आनंदाची बाब अशी, की या पहिल्या पायरीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशा स्वयंसेविका ३० वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी काही स्वतंत्र प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता काय, हा त्यांपैकीच एक. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीस वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. अडचण एवढीच, की हा प्रश्न स्वतः त्या व्यक्तीला विचारला जातो, आणि विसरणाऱ्याला आपण विसरतो हे बहुधा ठाऊक नसते. म्हणून तोच प्रश्न घरातील किंवा शेजारच्या माणसालाही विचारावा. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज या व्यक्तीत कोणता फरक पडला, अशा स्वरूपाच्या प्रश्नावल्या १९८९ पासून जगभर वापरात आहेत. त्यांना रुग्णाच्या साक्षरतेची अट नसते.

येथे सिंधुदुर्गच्या समाजजीवनातील एक गोष्ट उपकारक ठरू शकेल. गणेशचतुर्थीस मुंबईचे चाकरमानी गावी येतात. रोज पाहणाऱ्याला जो बदल जाणवत नाही, तो वर्षाने येणाऱ्या मुलाला व सुनेला चटकन जाणवतो. जागतिक अल्झायमर दिन २१ सप्टेंबरला, म्हणजे बहुधा याच सुमारास येतो. या दिवसांत आशा व आरोग्यसेविकांनी विचारपूस केल्यास साक्ष देणारे माणूस घरीच भेटेल आणि पुढील तपासणीस सोबतही मिळेल.

दुसऱ्या पायरीवर, उपकेंद्रातील आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने प्रथम कान, डोळे, रक्तदाब व चालू औषधे पाहावीत आणि मगच टॅब्लेटवरील चाचणी घ्यावी. गोंधळ एकदोन दिवसांतच अचानक उद्भवला असेल, तर चाचणीत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तिसऱ्या पायरीवर वैद्यकीय अधिकारी रक्ततपासणी करून आवश्यक तर जिल्हा रुग्णालयाचा किंवा ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेद्वारे तज्ज्ञांचा सल्ला घेतील.

निदानानंतर काय?

ज्या तपासणीनंतर काहीच होत नाही, ती लोकांना केवळ भय देते. या बाबतीत शेजारच्या गोव्याचा अनुभव मार्गदर्शक आहे. तेथे संगाथ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी स्मृतिभ्रंशग्रस्त ८१ कुटुंबांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. स्थानिक, अल्पप्रशिक्षित गृहसल्लागार सहा महिने घरोघरी जात. आजार म्हणजे काय, रुग्णाशी कसे बोलावे, रात्री तो उठून फिरू लागल्यास काय करावे, हे ते समजावून सांगत. अशा भेटी मिळालेल्या कुटुंबांत शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. ही शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते, हे विसरता कामा नये. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिले जावेत.

नोंदींची गुप्तता

कोकणात जमिनी सामाईक, वारस अनेक आणि वाद जुने असतात. अशा स्थितीत एखाद्या वृद्धाच्या नावापुढे ॲपने दाखविलेला ‘संशयित’ हा शेरा फुटला, तर त्याच्या सहीला, मतपत्राला आणि शब्दाला किंमत उरणार नाही, असा धोका संभवतो. चाळणीचा निकाल हा व्यवहारक्षमतेचा दाखला नव्हे. तो त्या कामी वापरणे सर्वथा गैर होय. तपासणीपूर्वी व्यक्तीची संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी, निकाल प्रथम तिलाच सांगावा, आणि त्याची चर्चा ग्रामसभेत किंवा भ्रमणध्वनीवरील गटांत होऊ देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही संमतीचे तत्त्व मान्य केले आहे.

प्रत्येकाचा वाटा

अधिकाऱ्यांनी कोणतेही ॲप स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ते मराठी भाषिक व निरक्षर ज्येष्ठांवर पडताळले आहे काय? नेटवर्क नसताना चालते काय? गोळा झालेली माहिती कोणाकडे राहते? शिक्षकांनी मुलांना हा विषय समजावून द्यावा. आजी-आजोबांतील बदल पुष्कळदा नातवंडांच्याच आधी लक्षात येतो, आणि त्याची थट्टा करावयाची नसते हे शाळेत शिकविता येते. पंचायत सदस्यांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची वाडीवार यादी अद्ययावत ठेवावी, त्यांच्या नेत्र व श्रवण तपासणीची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात सुचवावी, आणि तपासणीस जाणाऱ्या वृद्धाला वाहन व सोबत मिळेल असे पाहावे.

रापणीचे जाळे समुद्रात टाकण्यास एक होडी पुरते. ते किनाऱ्यावर ओढून आणण्यास मात्र सारी वाडी लागते. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत डिजिटल साधन हे त्या होडीसारखे आहे. ते हाती आले म्हणजे निम्मे काम झाले असे मानणे योग्य होणार नाही. आधी विचारपूस, मग चाचणी, मग वैद्यकीय निदान आणि शेवटी घराला आधार, हा क्रम पाळला गेला तरच ज्या पिढीने हा किनारा राखला, तिच्या उतारवयाला त्याचा खरा उपयोग होईल.